कार्ट्रिज बदलणारा मुलगा पुढे काय करतो?

बेंगळुरूच्या मारतहळ्ळी, बेलंदूर, व्हाइटफील्ड या पट्ट्यात राहणारे मराठी आईवडील करिअरचा सल्ला विचारायला येतात तेव्हा बहुतेक जण स्वतः आयटीतले असतात. मुलाला मात्र कोडिंग नको असतं. केमिकलचा डिप्लोमा झालेला असतो आणि पाण्याचे प्लांट चालवायला घेणारा कुणी कंत्राटदार म्हणत असतो, ‘उद्यापासून या.’ मग आवाज जरा खाली आणून प्रश्न येतो: ‘म्हणजे फिल्टर बदलत बसायचं? हे प्लंबरचंच काम ना?’

माझं उत्तर सरळ आहे. जाऊ द्या. पण दोन वर्षांनी तो नुसते फिल्टरच बदलत असेल, तर तिथून काढा.

आधी काम काय आहे ते पाहू. आउटर रिंग रोडच्या आजूबाजूच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या तळघरात उतरलात तर सांडपाण्याचा प्लांट असतो, बोअरच्या जड पाण्यासाठी सॉफ्टनर असतो, बऱ्याच ठिकाणी आरओ असतो. 2024 च्या उन्हाळ्यात बेंगळुरूच्या बोअरवेल आटल्या, टँकरचे भाव चढले, आणि एरवी ज्या तळघराकडे कुणी ढुंकून बघत नसे तिथे सोसायटीचे पदाधिकारी रोज उतरू लागले. त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन झालं, दिवसाला 77.5 कोटी लिटर पाणी वाढवणारी ही योजना. तरी प्लांट बंद झाले नाहीत, होणारही नाहीत. नदीचं आलं तरी वापरलेलं पाणी शुद्ध करावंच लागतं.

आरओच्या आधी एक स्टीलचं किंवा एफआरपीचं (फायबर-प्लास्टिकचं) नळकांडं उभं दिसेल. ते हाउसिंग. त्यात पॉलिप्रॉपिलीनच्या पांढऱ्या कार्ट्रिज असतात, 10, 20, 30 किंवा 40 इंच लांबीच्या, आणि आरओच्या आधी सहसा 5 मायक्रॉनच्या. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हाउसिंगच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपवर एकेक प्रेशर गेज असतं. दोघांतला फरक म्हणजे डीपी. नवी कार्ट्रिज बसवली की तो अगदी थोडा असतो. सुरुवातीपेक्षा साधारण एक किलोने (दर चौरस सेंटिमीटरला) वाढला की बदलायची वेळ झाली, असा बऱ्याच ठिकाणचा रिवाज आहे. नेमका आकडा कंपनीच्या कागदावर असतो आणि तोच पाळायचा. ‘महिना झाला, बदला’ हा हिशेब आळशी माणसाचा.

बदलायची रीत शिकायला एक दिवस पुरतो, अंगवळणी पडायला सहा महिने. पंप बंद, आतला-बाहेरचा व्हॉल्व्ह बंद, मग वरचा व्हेंट उघडून दाब शून्यावर आणायचा. गेज शून्य दाखवत नाही तोवर बोल्टला हात लावायचा नाही. या एका नियमाने डोळे वाचतात, विशेषतः आत ॲसिड किंवा सॉल्व्हेंट असलेल्या कारखान्यात. मग ड्रेन, झाकण काढणं, जुनी कार्ट्रिज बाहेर. हाउसिंग आतून पुसायचं, रबरी ओ-रिंग बोटाने फिरवून चीर आहे का ते बघायचं. ईपीडीएम रबराची ओ-रिंग असेल तर तिला गाडीचं ग्रीस लावायचं नाही. पेट्रोलियमने ती फुगते. नवी कार्ट्रिज प्लास्टिकच्या पिशवीतूनच धरून बसवायची, हाताचा मळ लागू द्यायचा नाही. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळायचे, व्हेंट उघडा ठेवून हळूहळू पाणी भरायचं, व्हेंटमधून हवा संपून पाण्याची धार आली की बंद. आणि नवा डीपी वहीत.

करिअर खरं म्हणजे या वहीत आणि टाकून द्यायच्या कार्ट्रिजमध्ये असतं. जुनी कार्ट्रिज कचऱ्यात जाण्याआधी हुशार ऑपरेटर ती ब्लेडने आडवी कापतो. वरचा थर तांबूस असेल तर बोअरच्या पाण्यात लोह आलंय. काळी भुकटी दिसली तर आधीच्या कार्बन फिल्टरमधला कोळसा निसटतोय. वाळू सापडली तर सँड फिल्टरची आतली जाळी तुटलीय. सॉफ्टनरच्या रेझिनचे पिवळसर मणी सापडले तर नोझल गेलं. बुळबुळीत थर आणि वास असेल तर जंतू वाढलेत. कार्ट्रिज ही चहाच्या गाळणीसारखी झटकून परत वापरायची वस्तू नव्हे; ती आधीच्या सगळ्या यंत्रांचा पंचनामा आहे. ‘आठवड्यात तीन वेळा बदलली’ असं सांगणारा मुलगा मजूर ठरतो, ‘कार्बन फिल्टरची जाळी फुटलीय म्हणून तीन वेळा बदलावी लागली’ असं सांगणाऱ्याला सुपरवायझर शेजारी बसवतो.

उलटीही गोष्ट आहे. डीपी अचानक खाली आला की नवखा मुलगा खूश होतो, फिल्टर छान चाललाय म्हणून. प्रत्यक्षात कार्ट्रिज फाटलेली असते किंवा ओ-रिंग सरकून पाणी बाजूने निसटत असतं, आणि पुढच्या आरओच्या महागड्या मेंब्रेनवर गाळ बसत जातो. हे ज्याला पहिल्या वर्षात कळलं त्याची काळजी करू नका.

सोसायटीचं तळघर ही या धंद्याची सर्वांत खालची पायरी. त्याच्या वर पेयं, दूध, रंग, इलेक्ट्रोप्लेटिंग आणि सर्वांत वर औषधं. इंजेक्शनच्या कारखान्यात 0.22 मायक्रॉनचा प्लीटेड फिल्टर जंतू अडवतो. तो बसवला म्हणजे काम संपत नाही. तो अखंड आहे हे बबल पॉइंटसारख्या चाचणीने सिद्ध करून तिचा कागद बॅचच्या फाइलला लावावा लागतो. भारतात औषधनिर्मितीचे सुधारित शेड्यूल एमचे नियम 2023 च्या डिसेंबरमध्ये अधिसूचित झाले, युरोपचे निर्जंतुक औषधांचे सुधारित नियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागू झाले. दोन्हींमुळे नोंदी ठेवता येणाऱ्या हातांची गरज वाढली. मारतहळ्ळीच्या मुलाला त्यासाठी शहर सोडावं लागत नाही. मर्कने विकत घेतलेल्या मिलिपोरचा पसारा पीण्यात आहे, सार्टोरियसचा नेलमंगलजवळ. फिल्टर बनवणाऱ्या अशा कंपन्यांत सर्व्हिस इंजिनिअर आणि व्हॅलिडेशनची माणसं लागतात. अंतर आणि ट्रॅफिकचं काय ते तुम्हीच जाणता.

पाण्याव्यतिरिक्त तेलही गाळावं लागतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मारतहळ्ळीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या, विमानं बनवणाऱ्या एचएएलची सुरुवात 1940 च्या डिसेंबरमध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने केली. विमानाच्या हायड्रॉलिक तेलातले कण मोजावे लागतात, कारण व्हॉल्व्हमधली फट काही मायक्रॉनचीच असते. एचएएल आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेते. हायड्रॉलिक्सचे कारखाने बेळगावातही भरपूर आहेत, तेव्हा सीमाभागातल्या मुलाला ही वाट घराजवळही सापडेल.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. दहावीनंतर आयटीआयचा अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट) हा दोन वर्षांचा ट्रेड या कामाला सर्वांत जवळचा. फिटर किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकही चालतो. त्यानंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे. डिप्लोमा केमिकल, मेकॅनिकल किंवा एन्व्हायर्नमेंटचा करावा. केमिस्ट्री किंवा मायक्रोबायॉलॉजीची बीएससी केलेल्यांना औषध कंपन्यांतला दरवाजा लवकर उघडतो. अप्रेंटिसशिपमध्ये 2019 च्या नियमांनी आयटीआयला महिना किमान 7,000, डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 9,000 रुपये ठरवले. आजचा आकडा सरकारी पोर्टलवर बघा. सुरुवातीचा पगार आयटीतल्या पहिल्या पगाराशी ताडून बघू नका, निराश व्हाल. आणि कन्नड शिका. शिफ्टमध्ये रात्री अडीच वाजता पंप ट्रिप झाला की मदतीला येणारा फोरमन इंग्रजीत बोलत नाही.

आईवडिलांच्या काळजीतल्या दोन गोष्टी मी हसण्यावारी नेत नाही. पहिली, जीव. सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि त्यात उतरलेली माणसं मरतात, त्यांना वाचवायला उतरलेलीही. गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. ‘जरा आत उतरून बघ’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराकडे मुलाने एक दिवसही थांबू नये; नोकरी गेली तर जाऊ द्या. दुसरी, कंत्राट. या धंद्यात कायम नोकरी उशिरा मिळते, काहींना मिळतच नाही. पीएफ, ईएसआय आणि नेमणुकीचं पत्र न देणारा कंत्राटदार मुलाला ‘शिकवतोय’ म्हणत असेल तर त्याचा अर्थ फुकटात राबवतोय एवढाच.

वापरलेल्या कार्ट्रिजचं काय करतात, हेही मुलाखतीत मुलानेच विचारावं. रसायनाच्या कारखान्यातली कार्ट्रिज 2016 च्या घातक कचरा नियमांत येऊ शकते, आणि ती भंगारवाल्याकडे जात असेल तर त्या कारखान्याचं बाकीचंही तसंच असतं.

फी भरून आणखी एका कोर्सला घालण्याआधी एवढं करा: तुमच्याच सोसायटीच्या मॅनेजरला सांगून मुलाला एक रविवार प्लांटवर ऑपरेटरबरोबर उभं करा. डीपीची वही त्याच्या हातात द्या आणि गेल्या तीन महिन्यांत कार्ट्रिज केव्हा केव्हा बदलली, दर वेळी का बदलली, ते त्यालाच शोधू द्या. तास-दीड तासाने तो कंटाळून वर आला तर विषय संपला. प्रश्न घेऊन वर आला तर नोकरी धरू द्या; डिप्लोमा अजून झालेला नसेल तर आयटीआयचा किंवा डिप्लोमाचा फॉर्म भरा.