कासवीची नजर

मराठी संतांच्या वाङ्मयात कासवीचा दृष्टान्त वारंवार येतो. गाय वासराला पान्हा देते, पक्षीण पिलांच्या चोचीत चारा घालते. कासवीला मात्र यांपैकी काहीच करता येत नाही. ती दुरून पिलांकडे प्रेमाने पाहते आणि त्या नुसत्या पाहण्यानेच पिले वाढतात, अशी ती कल्पना आहे. देवाची किंवा गुरूची कृपा कशी असते, हे सांगण्यासाठी ही उपमा फार सुंदर आहे. निसर्गातील वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. कासवी जमिनीत खड्डा खणते, त्यात अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाला आपली आई ठाऊकच नसते. मग त्याला वाढवते तरी कोण?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आफ्रिका खंडात गेले पाहिजे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने सेनेगालपासून सुदानपर्यंत रुक्ष गवताळ प्रदेशाचा एक लांबच लांब पट्टा पसरला आहे. त्याला साहेल असे म्हणतात. तेथे सुलकाटा नावाचे भूचर कासव राहते. लॅटिन भाषेत ‘सुलकुस’ म्हणजे नांगराने पडलेली सरी. या कासवाच्या पाठीवरच्या खवल्यांवर नांगरलेल्या शेतासारख्या रेषा असतात. त्यावरून त्याला हे नाव मिळाले. अंड्यातून निघालेले पिलू जेमतेम पाच सेंटीमीटर लांबीचे व तीस-चाळीस ग्रॅम वजनाचे, म्हणजे एखाद्या लिंबाएवढे असते. पूर्ण वाढलेला नर मात्र ४० किलोंच्याही वर भरतो. हा सारा प्रवास पुष्कळ वर्षांचा असतो.

वाढ इतकी सावकाश का होते, हे कासवाच्या कवचाकडे पाहिले म्हणजे कळते. कवच हे काही अंगावर चढवलेले चिलखत नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन एकमेकींना जोडल्या जातात व त्यांचेच कवच बनते. त्यावर आपल्या नखांसारख्या पदार्थाचे खवले असतात. शरीर वाढते तसा प्रत्येक खवल्याच्या कडेला नवा पदार्थ जमत जातो आणि एकेक वलय उमटते. वलये मोजून कासवाचे वय सांगता येते, असा अनेकांचा समज आहे. पण तो खरा नाही. सुकाळात एका वर्षात अनेक वलये उमटू शकतात, दुष्काळात एकही उमटत नाही. वलये वर्षांचा हिशेब ठेवत नाहीत. पिलाला दिवस कसे गेले, त्याचा हिशेब ठेवतात.

अमेरिकेत व युरोपात सुलकाटा कासव पाळण्याची हौस पुष्कळ आहे. तळहातावर मावणारे ते गोजिरवाणे पिलू पाहून कोणालाही मोह पडतो. त्याला घरी आणतात, काचेच्या पेटीत कोरड्या वाळूवर ठेवतात, वर एक दिवा लावतात. प्रथम काही दिवस पिलू चपळपणे हिंडते. पुढे ते एका कोपऱ्यात बसून राहू लागते. अन्नाला तोंड लावीनासे होते. महिने लोटतात, तरी वजन वाढत नाही. पाळणारा मात्र मनाचे समाधान करून घेतो, “कासवच ते! सावकाशच वाढायचे.” येथेच घात होतो. सावकाश वाढणे निराळे आणि वाढ खुंटणे निराळे. पहिला निसर्गाचा नियम आहे. दुसरे बहुधा एखाद्या रोगाचे किंवा माणसाच्या अज्ञानाचे लक्षण असते. कासवाला ओरडता येत नाही, विव्हळता येत नाही. त्याच्या मंदपणाआड त्याचे दुःख लपून जाते.

सुलकाटाच्या बाबतीत हे अज्ञान मोठे चमत्कारिक होते. हे वाळवंटाच्या कडेचे कासव. तेव्हा त्याला कोरडी हवाच मानवणार, असे लोकांना वाटे. वरवर पाहता हा तर्क बिनचूक दिसतो. तरीही कोरड्या पेटीतील पिलांच्या पाठी नितळ, घुमटाकार न होता खवल्याखवल्यावर टेंगळे येऊन खडबडीत होत. पुष्कळ जण दोष अन्नाला देत. अन्नात प्रथिने फार झाल्यामुळे असे होते, असे त्यांचे म्हणणे होते. व्हिएन्ना येथील पशुवैद्यक विद्यापीठातील संशोधकांनी या समजुतीची परीक्षा घेतली. त्यांनी नुकतीच जन्मलेली ५० पिले घेतली. काहींना कोरड्या हवेत ठेवले, काहींना दमट हवेत. काहींना प्रथिने कमी दिली, काहींना अधिक. पाच महिन्यांनी मोजमाप केले, तेव्हा कोरड्या हवेतील पिलांच्या पाठीवरची टेंगळे अधिक उंच भरली. प्रथिनांचा परिणाम अगदीच अल्प होता. हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

वाळवंटाच्या कडेच्या प्राण्याला ओलावा का हवा, याचे उत्तर साहेलच्या जमिनीखाली आहे. सुलकाटा कासव कित्येक मीटर लांबीचे बीळ खणते आणि दिवसाचा तापलेला वेळ त्यात काढते. वर जमीन भाजून निघत असते, तेव्हा खाली माती थंड व ओलसर असते. चिमुकली पिलेही अशीच मातीच्या भेगांत, झुडपांच्या मुळांशी दडून राहतात. लोकांनी वाळवंट पाहिले. पण पिलू त्या वाळवंटात नेमके कोठे राहते, हे पाहिले नाही.

आता पिलाला कोणकोणत्या गोष्टी लागतात, ते क्रमाने पाहू. पहिली गोष्ट ऊब. कासव हा शीतरक्ताचा प्राणी आहे. अंग तापल्याशिवाय त्याला खाल्लेले अन्न पचत नाही. म्हणून पिलाच्या जागेचे एक टोक सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्ण ठेवतात आणि दुसरे त्याहून आठ-दहा अंशांनी थंड. पिलू आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलते.

दुसरी गोष्ट सूर्यप्रकाश. उन्हातील अतिनील किरणांमुळे पिलाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या साहाय्याने अन्नातील कॅल्शियम हाडांत व कवचात मुरते. ऊन न मिळाले तर माणसांच्या मुलांना जसा मुडदूस होतो, तसाच विकार कासवाला होतो. कवच बोटाने दाबले तरी दबते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन येथे उपयोगी पडत नाही, कारण हे किरण काच अडवते. थंड देशांत त्यासाठी विशेष दिवे वापरतात. दिव्याचा उजेड पूर्वीसारखाच दिसत असला, तरी काही महिन्यांनी त्यातील हे किरण क्षीण होतात. म्हणून दिवा वेळेवर बदलावा लागतो.

तिसरी गोष्ट पाणी. पिलाला वरचेवर कोमट पाण्याच्या उथळ ताटात पाव तास बसवतात. पाणी त्याच्या हनुवटीच्या वर जाता कामा नये. बसल्याबसल्या ते पोटभर पाणी पिते. लपण्याच्या जागेत ओलसर माती किंवा शेवाळ घालतात. मात्र ओलाव्याबरोबर ऊब हवीच; ओल आणि गारठा एकत्र आले, की फुफ्फुसांना दाह होतो.

चौथी गोष्ट अन्न. गवत, रानपाला, जास्वंदीची पाने व फुले, काटे काढलेले निवडुंग हा त्याचा खरा आहार. समुद्रफेनाचा एक तुकडा जवळ ठेवला, तर पिलू तो कुरतडते व त्यातून त्याला कॅल्शियम मिळते. दुधात भिजवलेला पाव, मांस, गोड फळे हे लाडाचे खाणे त्याच्या प्रकृतीला अपायकारक ठरते. पिलू लवकर मोठे व्हावे म्हणून त्याला ठासून खाऊ घालणेही अयोग्यच.

या चारही गोष्टी झाल्या, तरी एक गोष्ट उरते. जाणकार पाळणारा दर आठवड्याला पिलाचे वजन करतो व ते वहीत टिपून ठेवतो. एका दिवसात डोळ्यांना न दिसणारी वाढ त्या आकड्यांत दिसते आणि वाढ थांबली तर तेही वेळीच समजते. मग पशुवैद्याकडे धाव घेता येते.

एवढे करूनही पाळणाऱ्याने आणखी एक विचार करायला हवा होता. सुलकाटा ५० वर्षांहून अधिक जगते. हौसेने आणलेले पिलू पुढे अंगणात बिळे खणते, कुंपण ढकलून देते आणि मग ते नकोसे होते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनासारख्या राज्यांत अशा टाकून दिलेल्या कासवांना सांभाळण्याचे काम आश्रयसंस्थांना करावे लागते.

आपल्या देशातही असा मोह पाडणारे एक कासव आहे. गुजरात, राजस्थान, आंध्र प्रदेश, तमिळनाडू या राज्यांतील कोरड्या रानांत स्टार कासव आढळते. त्याच्या काळसर पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असते. हे सौंदर्यच त्याचे वैरी झाले आहे. त्याची पिले चोरून पकडली जातात, पेट्यांत कोंबून दूरदूर पाठवली जातात आणि त्यांतील कित्येक वाटेतच मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार स्टार कासव पकडणे, विकणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. २०१९ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेत रानातील स्टार कासवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी करण्यात आली. असे कासव कोणी विकताना दिसले, तर दया येऊनही ते विकत घेऊ नये; कारण एक विकत घेतले, की दुसरे पकडले जाते. वनखात्याला कळवणे, हीच त्या पिलावरची खरी दया होय.

कासवीच्या नजरेने पिले वाढतात, ही कविकल्पना खरी. परंतु तिच्यात एक तथ्य आहे. रानातील पिलाला माती, ऊन, ओलावा आणि पाला हे सारे मिळून वाढवतात. माणसाने त्याला तेथून उचलले, की हे सारे देण्याचा भार माणसावर येतो आणि तो पेलण्यासाठी आधी नीट पाहावे लागते. जे स्वतःचे दुःख बोलून दाखवू शकत नाही, त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहणे, हीच माणसाला साधणारी कासवीची नजर होय. आणि रानातल्या पिलाला रानातच राहू देऊन दुरून पाहणे, हेही त्याच नजरेचे एक रूप आहे.

शब्दार्थ

दृष्टान्त – एखादी गोष्ट पटवण्यासाठी दिलेले उदाहरण. पान्हा – आईच्या किंवा गाईच्या आचळात उतरलेले दूध. भूचर – जमिनीवर राहणारा. मुडदूस – हाडे मऊ व वाकडी होण्याचा मुलांचा विकार. समुद्रफेन – माकूळ नावाच्या समुद्रातील प्राण्याच्या अंगातील पांढरे, हलके कवच. दाह – आग, सूज.

स्वाध्याय

१. ‘वलये वर्षांचा हिशेब ठेवत नाहीत’ असे का म्हटले आहे?

२. सुलकाटा कासवाला कोरडी हवा मानवेल, असे लोकांना का वाटले? त्यांची चूक कोठे झाली?

३. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन पिलाला उपयोगी का पडत नाही?

४. ‘सावकाश वाढणे निराळे आणि वाढ खुंटणे निराळे.’ या वाक्यातील भेद स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

५. घरातील किंवा शाळेतील एखाद्या रोपाची उंची महिनाभर दर आठवड्याला मोजा, वहीत नोंदवा आणि त्यावरून काय दिसले ते दहा ओळींत लिहा.