नागपूरची भरती-ओहोटी: तळ्याकाठी, नदीकाठी चालायचं कसं

कोकणात चार दिवस राहून आलेला नागपूरकर हमखास एक खंत बोलून दाखवतो: आपल्याकडे सगळं आहे, फक्त समुद्र नाही. पहाटे पाण्याच्या कडेकडेनं चालण्याचं सुख इथं कुठून आणायचं?

हे सुख आपल्या दारात आहे. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, आपल्या तळ्यांना वर्षातून एकदा. आषाढ-श्रावणात पाणी चढतं, भाद्रपदात सांडव्याला लागतं आणि वैशाखात तळाला जातं. ऑक्टोबरमध्ये बाभळीच्या बुंध्याला टेकलेलं पाणी मे महिन्यात इतकं आत सरतं, की मधल्या मोकळ्या जमिनीवर गुरं चरतात. काठ एका जागी राहत नाही, हे ध्यानात ठेवून चालायला निघालात तर पुढची सगळी तयारी सोपी जाते.

पहिली पायरी: आधी महिना, मग जागा

आपण जागा ठरवतो आणि सुट्टी मिळेल तेव्हा निघतो. पाण्याकाठी चालताना हा क्रम उलटा हवा.

जून ते सप्टेंबर या काळात काठावर उतरू नका. आपला बहुतेक पाऊस याच चार महिन्यांत पडतो. तळं पाहायचं असेल तर ते पाळीवरून किंवा पक्क्या रस्त्यावरून पाहा. ऑक्टोबरमध्ये पाणी काठोकाठ असतं, पण कडेची जमीन भुसभुशीत असते आणि गवतात पाय कुठं पडतो ते दिसत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. पाणी थोडं सरलेलं असतं, जमीन आवळलेली असते आणि पट्टेरी राजहंसांसारखे थंडीतले पाहुणे आलेले असतात. मार्चपासून चालणं सकाळी नऊच्या आत उरका. मे महिन्यात मोठी चाल नकोच. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तसल्या उन्हात पाणी नुसतं जवळ असून अंगाला गारवा मिळत नाही.

दुसरी पायरी: शहरातच पाय तयार करा

पहिले दोन-तीन रविवार फुटाळा आणि अंबाझरीला द्या. फुटाळ्याच्या काठाला आपण चौपाटी म्हणतोच. तिथल्या सपाट वाटेवर न थांबता तासभर चाला आणि किती अंतर झालं ते मोजा. पक्क्या वाटेवर ताशी चार-पाच किलोमीटर होत असतील, तर ओबडधोबड काठावर तीनच धरा. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर बसवायचा आहे. त्यानंतर अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानातल्या मातीच्या वाटांवर चाला. तिथं खडे, मुळं आणि कुसळं यांची सवय होते.

अंबाझरीच्या सांडव्याजवळ थोडं थांबा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत झालेल्या मुसळधार पावसानं हा तलाव ओसंडला. नाग नदीचं पाणी काठच्या वस्त्यांत आणि थेट सीताबर्डीपर्यंत घुसलं. एरवी आपण ज्या नदीला नाला म्हणतो, ती एका रात्रीत काय करू शकते ते या शहरानं पाहिलं आहे. म्हणून ढग दाटले की सांडवा, नाला आणि पूल यांच्याखालच्या बाजूला उभं राहायचं नाही, हा नियम इथंच पक्का करा.

तिसरी पायरी: काठाची माती ओळखा

ओहोटीनं उघडी पडलेली जमीन दिसायला सगळी सारखीच, पण तिचे तीन पट्टे असतात. वरचा पट्टा भेगाळलेला, त्यावर वाळलेल्या खुरांच्या खुणा. हा निर्धास्त. मधला पट्टा दबतो, पण पाऊल धरून ठेवत नाही. पाण्यालगतचा पट्टा गुळगुळीत, चकाकणारा असतो. वरून साय धरलेली आणि खाली लोण्यासारखा गाळ. मी एकदा पक्ष्याचा फोटो काढायच्या नादात त्यावर गेलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. जाळं आवरत असलेल्या एका ढिवरकाकांनी बांबू पुढं करून मला बाहेर काढलं. त्यांनी दिलेली शिकवण साधी होती: जिथं गाय गेली नाही, तिथं आपण जाऊ नये.

तेव्हापासून मी खुरांच्या खुणा पाहूनच चालतो. शंका आली तर काठी टोचून पाहा. ती वीतभर सहज आत गेली तर मागं फिरा. रुतलातच तर पाय ओढाओढ करून काढू नका. मागं रेलून बसा, म्हणजे वजन पसरेल, आणि एकेक पाय हलवत मोकळा करा.

चौथी पायरी: रामटेकचा एक दिवस

आता मोठी चाल. नागपूरहून रामटेक सुमारे 50 किलोमीटर. एसटी आहे, इतवारीहून रेल्वे आहे. गाडीनं गेलात तर जबलपूर रस्त्यावर मनसरला उजवीकडे वळायचं.

सकाळी लवकर गावातल्या पायऱ्यांनी गड चढा. हातात पिशवी दिसली की माकडं झडप घालतात, त्यामुळे खाणं पाठीवरच्या पिशवीत बंद ठेवा. गडावर एकाच दगडातला भव्य वराह आणि वाकाटककालीन नरसिंह मंदिरं पाहायला तासभर राखून ठेवा. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. त्या काव्यातल्या यक्षाला मेघ दिसतो तोही आषाढाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आपल्या भरतीच्या तोंडाशी.

दुसऱ्या बाजूच्या जुन्या पायऱ्यांनी अंबाळा तलावावर उतरा. इथं घाट आणि देवळं आहेत, काठ बांधलेला आहे. पायऱ्यांवरचं शेवाळ मात्र जपा. पाण्याला टेकलेल्या पायऱ्यांवर बूट घालून उतरू नका.

दुपारी गावात जेवून खिंडसीकडे निघा. अंतर चार-पाच किलोमीटर. सूर नदी अडवून केलेला हा जलाशय धानाला पाणी देतो. त्यामुळे पावसानं ताण दिला की पाणी सोडलं जातं आणि काठ हिवाळ्याआधीच सरकू लागतो. पाळीजवळून सुरुवात करा, काठानं तासभर पुढं जा आणि त्याच वाटेनं परत या. पूर्ण प्रदक्षिणेचा मोह टाळा. भोवतालचं रान पेंचच्या जंगलाला लागून आहे, आणि डिसेंबरात साडेपाचनंतर लगेच सूर्य मावळतो. चार वाजता परतीला लागायचं, मग समोर कितीही सुंदर वळण दिसो. तोतलाडोहसारखे व्याघ्र प्रकल्पातले काठ तर पायी चालण्यासाठी नाहीतच.

पाचवी पायरी: मग नदी

तळं हळू बदलतं, नदी एका तासात बदलते. पेंच आणि कन्हान यांचा काठ धरायचा असेल तर वर पाऊस आहे का, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचे दरवाजे उघडणार आहेत का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. आपल्याकडे लख्ख ऊन असताना पाणी वरून येऊ शकतं. काठचा एक दगड नेमून ठेवा. तो बुडताना दिसला किंवा पाणी एकाएकी गढूळ झालं, की उंचावर चढा. रेतीच्या पात्रात उपशाचे खोल खड्डे असतात आणि पाणी भरलं की ते दिसत नाहीत, म्हणून पोहायला उतरू नका.

पहिल्या नदीवारीसाठी कुही तालुक्यातलं अंभोरा निवडा. वैनगंगा, कन्हान, आम आणि आणखी दोन लहान नद्या इथं एकत्र येतात. काठावर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये विवेकसिंधु इथंच रचला, अशी या भागाची श्रद्धा आहे. आज इथलं पाणी गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याचं आहे, म्हणून इथली भरती-ओहोटी धरणाच्या दरवाजांवर चालते. गावकऱ्यांना विचारल्याशिवाय काठ धरू नका.

सहावी पायरी: पाठीवर काय, मनात काय

माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, गूळ-शेंगदाणे, डोक्याला दुपट्टा, छातीइतकी काठी, जादा मोजे, शिट्टी. चप्पल नको, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. एक लिटर पाणी संपलं किंवा ठरलेल्या वेळेतला अर्धा वेळ सरला, की परत फिरा. जुन्या भिंतींवर, पुलांखाली आग्यामोहोळ असतं. तिथं अत्तर, धूर, आरडाओरडा नको. साप चावला तर 108 ला फोन करा, पाय हलवू नका आणि थेट दवाखाना गाठा.

आणखी एक, हे तळं कुणाचं तरी शेत आहे. पाण्यावर पसरलेला शिंगाड्याचा वेल ही कुणाची तरी मेहनत आहे. जाळ्यांवरून चालू नका, खुंट्या उपटू नका. ढिवरबांधव भेटले तर रामराम करा आणि वाट विचारा. काठाची माहिती त्यांच्याइतकी कुणालाच नसते.

सातवी पायरी: हीच सवय कोकणात न्या

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीतच करायची असते. भरतीला तिथल्या खडकांवर लाटा आदळतात. कोकणातला सोपा हिशेब असा: पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. तरीही स्थानिकांना विचारूनच उतरा.

आणि तोवर एक काम करा. जवळचं एखादं तळं निवडा. येत्या ऑक्टोबरमध्ये पाणी जिथं टेकलेलं असेल, तिथलं एक झाड हेरून ठेवा. जानेवारीत आणि एप्रिलच्या पहाटे त्याच झाडापासून पाण्यापर्यंतची पावलं मोजा आणि वहीत लिहा. जुलैमध्ये पाळीवर उभं राहून पाणी त्या झाडाकडे परत येताना पाहा.