श्रुतिकेतून लोकशिक्षण

रेडिओवरील कथा गावाला कशी बोलती करते, हे उत्तर प्रदेशातील लुतसान गावी दिसून आले. आकाशवाणीने १९९६-९७ मध्ये 'तिनका तिनका सुख' ही १०४ भागांची हिंदी श्रुतिका प्रसारित केली. तीतील नवविवाहिता पूनम हुंड्यासाठी होणाऱ्या छळामुळे आत्महत्या करते. तिच्या अंताने श्रोते हळहळले, आपसांत चर्चा करू लागले. आपण हुंडा देत नाही व घेत नाही, असे कळविणारे भले मोठे पत्र ग्रामस्थांनी आकाशवाणीला धाडले. त्यावर १८४ जणांच्या सह्या व अंगठे होते. रेडिओला अक्षरओळख लागत नाही, याची साक्ष ते अंगठेच देतात. पुढील पाहणीत मात्र बोलणे व वागणे यांत अंतर आढळले. म्हणून श्रोतृमंडळे चालविणाऱ्या शिक्षकांनी व पंचांनी प्रसारणानंतरची चर्चा लग्नसराईतही चालू ठेवणे इष्ट ठरेल.