तंजावरात सीडी ४४ रंगवताना

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मूळपेशींच्या खुणा शोधायच्या तर सुरुवात सीडी ४४ने करावी. सीडी १३३चा गाजावाजा २००७ पासून आहे, पण त्याचा रंग वाचणं नवख्याला जड जातं.

एथिक्स कमिटीची परवानगी आधी. मग पॅथॉलॉजीच्या जुन्या ब्लॉकांतून निरोगी आतडं, अ‍ॅडिनोमा आणि कर्करोग निवडा. सगळे एकाच बॅचमध्ये रंगवायचे.

४ मायक्रॉनचे सेक्शन चार्ज्ड स्लाइडवर घ्या, साध्या काचेवरून ते गरम बफरमध्ये सुटतात. ६० अंशांवर तासभर ठेवा, झायलीनने मेण काढा, उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात आणा. पीएच ६चा सायट्रेट बफर, ९५ अंश, २० मिनिटं. त्यातच निवू द्या. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, मग धुवा.

आता पहिली अँटिबॉडी, आणि इथे तंजावरची हवा आडवी येते. माहितीपत्रकात ‘खोलीच्या तापमानाला एक तास’ असतं, ती खोली २०-२५ अंशांची. मे महिन्यात एसी बंद पडला तर मुकाट्याने ४ अंशांवर रात्रभर ठेवा, ओला टिश्यूपेपर घातलेल्या झाकणबंद डब्यात. डब्याबाहेर काम करताना पंखा बंद. सेक्शनची कड सुकली की ती उगाच तपकिरी होते, आणि फोटोत नेमकी तीच कड येते. तुलनेसाठी एका स्लाइडवर अँटिबॉडीऐवजी नुसता बफर घाला.

पुढे पॉलिमर, मग तपकिरी रंग देणारं डीएबी, सगळ्या स्लाइडना सारखाच वेळ. हातमोजे घाला, उरलेलं डीएबी सिंकमध्ये ओतायचं नाही. हलकं हिमॅटॉक्सिलिन, शेवटी डीपीएक्स.

वाचताना निरोगी आतडं पहिलं. क्रिप्टच्या तळाशी पेशींच्या कडा तपकिरी, वरचा भाग फिका, आसपासच्या लसिकापेशी रंगलेल्या, असं दिसलं तरच पुढची स्लाइड उचला. सीडी ४४चं जनुक विंट संदेशावर चालतं आणि तो संदेश तळाशी जोरात असतो. एपीसी जनुक बिघडलं की पेशी वर सरकली तरी संदेश थांबत नाही. म्हणून अ‍ॅडिनोमात तपकिरी रंग तळ सोडून वर चढतो. गाठीत शिरलेल्या लसिकापेशी मोजू नका. आणि प्रत्येक तपकिरी पेशीला मूळपेशी म्हणू नका, कृपा करून.

नोंद चित्रासकट ठेवा. तंजावरच्या सरफोजी राजांच्या काळातले (१७९८-१८३२) नेत्ररुग्णांचे कागद डोळ्यांच्या चित्रांसह याच गावात राहिलेत. आपल्याकडे तर कॅमेरा आहे.

मूळपेशींची आणखी एक खूण, एलजीआर ५, पाहायची असेल तर तिच्या अँटिबॉडीवर पैसे घालवण्यापेक्षा आरएनए इन सिटू हायब्रिडायझेशन करून घ्या.