जुने ब्युटिरोमीटर, नवं सेंट्रीफ्यूज : जमेल का?

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संस्थेत फॅट तपासायला हाताने फिरवायचं सेंट्रीफ्यूज होतं. ते खिळखिळं झालं, म्हणून विजेवरचं घ्यायचं ठरलंय. जुने ब्युटिरोमीटर, बुचं आणि पिपेट त्याला चालतील का? आमच्या सचिवांचं म्हणणं असं, की रक्त तपासायच्या लॅबमधलं तीन हजार फेऱ्यांचं जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय. वेग जास्त म्हणजे फॅट लवकर निघेल, तेच घेऊ. हे बरोबर आहे का?
— एक दूध उत्पादक, संगमनेर तालुका

उत्तर : सचिवांच्या सूचनेचं आधी बोलतो, कारण त्यात धोका आहे. ते यंत्र घेऊ नका.

रक्ताच्या लॅबमधल्या यंत्राच्या बकेटा साधारण १५ मिलिलिटरच्या नळीसाठी असतात. ती नळी १७ मिलिमीटर जाडीची आणि १२ सेंटिमीटर लांबीची. तुमचा ब्युटिरोमीटर, म्हणजे फॅट मोजायची काचेची नळी, जवळपास वीतभर लांब आणि पोटाशी चांगला जाड. तो त्या बकेटीत उतरणारच नाही. कुणी जुगाड करून बसवलाच, तर पुढची गोष्ट जास्त वाईट आहे.

यंत्रावर फेऱ्यांचा आकडा लिहिलेला असतो, पण नळीला फेऱ्या कळत नाहीत, तिला ओढ कळते. ही ओढ दोन गोष्टींवर ठरते, फेऱ्या आणि मधल्या दांड्यापासूनचं अंतर. ज्वारी राखणाऱ्याच्या हातातली गोफण आठवा. हात तेवढ्याच वेगाने फिरला तरी दोरी लांब असेल तर दगड जोरात जातो. हिशेब असा : अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांच्या वर्गाने गुणा, मग ०.००००१११८ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे नळीतला माल स्वतःच्या वजनाच्या किती पट जड होतो ते.

तुमच्याकडे फॅट तपासतात त्या गर्बर पद्धतीला, म्हणजे स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बर यांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला बसवलेल्या पद्धतीला, बुचाच्या बाहेरच्या टोकाशी ३५० पट ओढ लागते. २६ सेंटिमीटर अंतर असेल तर ती ११०० फेऱ्यांना मिळते. डेअरीत सगळ्यांच्या तोंडी '११०० आरपीएम, पाच मिनिटं' असतं ते यामुळेच. पण यंत्र लहान असेल, अंतर २० सेंटिमीटरच असेल, तर १२५० फेऱ्या द्याव्या लागतात. अशा यंत्रावर ११००च ठेवल्या तर सगळं फॅट वर चढत नाही आणि आकडा कमी दिसतो. उलट लॅबच्या त्या यंत्रात १५ सेंटिमीटरवर ३००० फेऱ्या म्हणजे १५०० पट ओढ. काचेची नळी, आत गरम सल्फ्युरिक ॲसिड. फुटली तर काय होईल ते सांगायला नको.

आता तुमच्या जुन्या सामानाकडे वळू. ब्युटिरोमीटर आयएसआय मार्कचे असतील, काचेला तडा किंवा तोंडाला टवका नसेल आणि मोजपट्टीच्या रेघा स्वच्छ दिसत असतील तर खुशाल वापरा. दुधाची ० ते १० टक्क्यांची नळी गाईला आणि म्हशीला दोन्हीला पुरते. मात्र नव्या यंत्राच्या खोबणीत ती बुचासकट सैल न हलता, न अडकता बसते का, हे दुकानात स्वतःची नळी नेऊन बघा. कॅटलॉगवर विसंबू नका.

बुचं मात्र नवी घ्या. इथे कंजुषी नको. यंत्रात ब्युटिरोमीटर ठेवताना मोजपट्टीची बारीक बाजू मध्याकडे आणि बूच बाहेरच्या बाजूला असतं. आत १० मिलिलिटर ॲसिड, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, सगळं मिळून ३० ग्रॅमच्या आसपास. पण यंत्र फिरताना हेच ३० ग्रॅम बुचाच्या बाजूला आठ-दहा किलोच्या जोराने रेटतात, तेही ॲसिडसकट. लॉक स्टॉपरचं, म्हणजे चावीने घट्ट करायच्या बुचाचं, रबर फुगलेलं, कडक झालेलं किंवा चिरलेलं असेल तर ते पाच मिनिटं टिकेलच याची खात्री नाही. बूच आणि त्याची चावी एकाच मापाची, तुमच्या नळीच्या तोंडाला घट्ट बसणारी हवी.

पिपेट नीट वाचून बघा. त्याकडे कुणी बघत नाही, आणि पैसे मात्र तिथेच इकडचे तिकडे होतात. आपल्याकडची मोजपट्टी १०.७५ मिलिलिटर दुधासाठी आखलेली आहे. कपाटात ११ मिलिलिटरचं जुनं पिपेट पडलेलं असेल आणि तेच चालू असेल, तर ४ फॅटचं दूध ४.१ दाखवतं. ११च्या मोजपट्टीला १०.७५चं पिपेट लावलं तर उलटं, शेतकऱ्याचं नुकसान. आपल्या जिल्ह्यात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) धरून बोलला जातो आणि त्याखालच्या प्रत्येक पॉइंटला कपात असते. त्यामुळे ०.१ हा आकडा एखाद्या घरात महिन्याच्या पेंडीच्या पोत्याएवढा असू शकतो. संकलनाला आता मिल्क अॅनालायझर आले, पण अॅनालायझर बरोबर दाखवतो की नाही हे शेवटी गर्बरवरच पडताळतात. म्हणून हे जुनं सामान नीट असणं अजूनही गरजेचं आहे.

यंत्राचा तोल राखायला नळ्या समोरासमोर ठेवाव्या लागतात. नमुने विषम झाले की पाणी भरलेली नळी समोर ठेवायची सवय सगळीकडे आहे. पण ॲसिड पाण्याच्या पावणेदोनपटीहून जड. पाण्याची नळी काही ग्रॅमने हलकी पडते, आणि यंत्र फिरताना हा फरक किलोत जातो. त्यापेक्षा एकाच दुधाच्या दोन नळ्या करा. तोलही साधतो आणि दोन आकडे जुळले की सभासदाचंही समाधान होतं.

विक्रेत्याला बुचाच्या टोकापर्यंतचं अंतर किती, त्या अंतराला किती फेऱ्यांवर यंत्र लावलंय, आणि वेग दाखवणारा काटा आहे का, एवढं विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. खेड्यात विजेचा दाब खाली-वर होतो, त्यामुळे काटा नसलेलं यंत्र घेण्यात अर्थ नाही. रोटर, झाकण किंवा नळ्यांची घरं दुसऱ्या कंपनीची 'बसतात' म्हणून कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. दांड्यावर बसणं वेगळं आणि त्या वेगाचा ताण सोसणं वेगळं. रोटरवर जो कमाल वेग कोरलेला असतो तोच खरा, मोटार कितीही पळू दे.

यंत्र आलं की एकाच कॅनमधलं दूध दोन भागांत काढा. एक भाग तुमच्याकडे आणि दुसरा तालुका संघाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर आधी टॅकोमीटरने वेग मोजा, मग नळ्या ठेवायच्या गरम पाण्याच्या टाकीचं तापमान ६५ अंश आहे का पाहा, मग पिपेट तपासा. ब्युटिरोमीटर बदलायची वेळ बहुधा येणार नाही.