लाकडी मोटार आणि फर्मा

गेल्या वर्षी एका इंग्रजी लेखात 'जिग' हा शब्द माझ्यापुढे आला. शब्दकोशात पाहिले तर अर्थ निघाला, एक चपळ नाच! लेख होता लहान मुलांच्या लाकडी मोटारींच्या शर्यतीविषयी. मोटारीला भोके पाडण्यासाठी नाच कशाला हवा, हे काही केल्या उमगेना. आमचे आबा सुतारकाम करतात. भोक सरळ पडावे म्हणून जो ठोकळा लावतात त्याला काय म्हणायचे, असे मी त्यांना सहज विचारले. "फर्मा. त्यात विचारायचं काय?" आबा म्हणाले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने माझा उतारा सोडवून दिला.

ही शर्यत अमेरिकेतली. 'पाइनवूड डर्बी' हे तिचे नाव. १९५३ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी या गृहस्थांनी ती सुरू केली. ते कब स्काउट मुलांच्या पथकाचे प्रमुख होते. मुले स्वतः गाडीत बसून उतारावरून धावतात, अशी 'सोप बॉक्स डर्बी' नावाची स्पर्धा तेथे होती. पण मर्फींच्या मुलाचे वय तिच्यासाठी कमी पडले. मग त्यांनी गाडीच लहान केली. प्रत्येक मुलाला एकसारखे सामान मिळते: पाइनचा ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद व सव्वा इंच जाड ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाके आणि आसांच्या जागी चार खिळे. वजन ५ औंसांहून, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमहून जास्त चालत नाही. इंजिन नाही. उतारावरून सोडायची, जी आधी पोचेल ती जिंकली.

आता वाचक विचारतील की लाकूड तेच, चाके तीच, वजन तेच, मग एक पुढे आणि एक मागे का? उत्तर खिळ्यापाशी आहे. गाडी ज्या पट्ट्यावरून धावते त्याच्या मधोमध एक उंच पट्टी असते आणि चाके तिच्या दोन बाजूंना राहतात. पट्टी १ पूर्णांक ५/८ इंच रुंद, दोन्ही बाजूंच्या चाकांमधले अंतर पावणेदोन इंच. म्हणजे मोकळीक दोन्हीकडची मिळून जेमतेम ३ मिलिमीटर. गाडीचे तोंड एका अंशाने जरी वळले, तरी ती मीटरभर जाताना साडेसतरा मिलिमीटर बाजूला सरकू पाहते. अर्थात वीतभर जायच्या आतच चाक पट्टीला घासते, तेथून दुसऱ्या बाजूला आपटते, आणि उतारावर कमावलेला वेग वाया जातो.

मी हे करून पाहिले. पॅकिंगच्या खोक्याची पाइनची फळी घेतली, बाटल्यांच्या बुचांची चाके केली आणि हातड्रिलने नजरेच्या अंदाजाने भोके पाडली. गाडी फळीवरून सोडली की दरवेळी डावीकडे जाऊन खाली पडे. आबांनी खिळ्याला गुण्या लावला. चारांपैकी एकही खिळा काटकोनात नव्हता! मग त्यांनी बाभळीच्या तुकड्याला एकच भोक पाडले, चारही अंगांनी गुण्याने तपासले, आणि खालच्या कडेला एक पट्टी ठोकली. ही पट्टी मला आधी निरर्थक वाटली होती. खरे तर सगळी करामत तिचीच. ती गाडीच्या बुडाला टेकवायची, एका बाजूचे भोक पाडायचे, मग दुसऱ्या बाजूलाही तेच बूड धरून पाडायचे. दोन्ही भोके समान उंचीवर येतात. एकदा बूड आणि एकदा माथा धरला, तर फळीच्या जाडीतला फरक भोकात उतरतो. तिकडे हा फर्मा धातूचा मिळतो. लाकडाचे भोक ड्रिलच्या घासण्याने मोठे होत जाते, हे आमच्याही लक्षात आले.

खिळ्यांची गोष्ट वेगळी. कारखान्यातून येताना डोक्याखाली बारीक कंगोरे राहतात व अंग किंचित वाकडे असते. त्यासाठी खाच पाडलेले पोलादाचे दोन तुकडे असतात. खिळा मध्ये ठेवून वर हातोडी मारायची. नंतर तो ड्रिलमध्ये फिरता ठेवून कानस आणि मग बारीक होत जाणारा पॉलिश पेपर लावतात. शेवटी ग्रॅफाइटची भुकटी. पेन्सिलीत आपण ज्याला शिसे म्हणतो ते हेच.

सर्वांत गंमत पुढे आहे. इतका सरळपणा साधल्यावर जाणते लोक पुढचा एक खिळा मुद्दाम किंचित वाकवतात! गाडी दोन्हीकडे आपटण्याऐवजी एकाच बाजूला पट्टीला हलकी टेकून जावी, हा हेतू. किती वाकवायचे हे तिरप्या फळीवर गाडी सोडून, ती किती सरकते ते मोजून ठरवतात. पण सुरुवातच वाकडी असेल तर हे मोजमाप करायचे कशावरून? काही ठिकाणी नियमांत हे बसतही नाही.

नियम करणाऱ्यांनी लाकूड, चाके, वजन सारे समान केले. हत्यारे मात्र समान करता आली नाहीत. ज्याच्या घरी ड्रिलचे यंत्र आणि फर्म्यांची पेटी आहे, त्याची गाडी वेगळीच धावते. गाडी मुलाची की बापाची, हा वाद तिकडे जुना आहे. म्हणून काही पथके शर्यतीआधी एक दिवस सगळ्यांना जमवून सामाईक हत्यारे वापरू देतात, तर काही मोठ्यांची शर्यत वेगळी ठेवतात. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच मिळते, याची मला येथे आठवण झाली.

माझी दुसरी गाडी सरळ जाते, पण डुलते. बुचांची भोके मी मध्यावर पाडू शकलो नाही. बुचाचा मध्य धरणारा फर्मा आबा सध्या करीत आहेत. त्यासाठी त्यांनी माझ्याकडून कंपास मागून घेतला आहे.