आकाराआधी कारण

चिरंजीव भाच्यास,


मुळशीत राहून, कुठल्याही कॉलेजात न जाता, बांबू, कारवी आणि वाळक्या मुळांचे दिवे आणि बैठका घडवायचं तू ठरवलंस. पदवी नाही ही तुझी खंत मला फारशी पटत नाही. पॉल हेनिंगसेन या डॅनिश माणसानं वास्तुकलेची पदवी कधी पूर्ण केली नाही, तरी १९२६ च्या सुमारास त्यानं केलेल्या तीन छत्र्यांच्या दिव्याला आजही गिऱ्हाईक आहे. खरी अडचण वेगळी आहे. कॉलेजात ‘हे असंच का?’ म्हणून टोकणारा मास्तर असतो. एकट्यानं काम करणाऱ्याला तो नसतो, आणि वाहवा करणारे मात्र रग्गड. तेव्हा तो प्रश्न तूच स्वतःला विचारायला हवा. निसर्गातून आकार घेणाऱ्यानं तर जास्तच, कारण तो आकार मुळातच इतका देखणा असतो की त्यामागे काही विचार नसला तरी खपून जातो.

हेनिंगसेनचाच दुसरा दिवा घे. १९५८ साली कोपनहेगनच्या एका उपाहारगृहासाठी त्यानं तांब्याच्या ७२ पात्यांचा दिवा केला. लोकांना त्यात आर्टिचोकचं बोंड दिसलं आणि तेच नाव पडलं. पण प्रत्येक पातं अशा कोनात आहे की कुठूनही पाहिलं तरी आतला बल्ब दिसत नाही. उजेड पात्यावर पडतो आणि तिथून घरंगळत खालच्या पात्यावर येतो. डोळे दिपू नयेत याचा विचार तो तीसेक वर्षं करत होता, बोंडाचा आकार त्या विचारातून निघाला. इतकं लांब जायला नको असेल तर पुण्यात केळकर संग्रहालयात जा. चष्म्याचा धंदा सांभाळून, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करून दिनकर केळकरांनी जन्मभर वस्तू जमवल्या, त्यात दिव्यांचं एक जगच आहे. लामणदिव्यावरचा पक्षी किंवा हत्ती दरवेळी नुसता शोभेचा नसतो. काहींच्या पोटात तेल भरलेलं असतं, आणि खालच्या वाटीतलं तेल उतरेल तसं ते झिरपत येतं. पक्षी सुंदर आहेच, पण तो तिथे कामाला लावलेला आहे.

तू म्हणशील, मी शिल्प करतो, कंदील नाही. मग इसामू नोगुचीकडे बघ. तो तर शिल्पकारच, पॅरिसला ब्रांकुशीच्या कार्यशाळेत राबलेला. १९५१ मध्ये जपानातल्या गिफू शहरी गेला तेव्हा त्यानं कंदील करणाऱ्यांची रीत मोडली नाही. बांबूच्या बारीक कामट्या आणि तुतीच्या सालीचा कागद तसाच ठेवला, आकार तेवढे स्वतःचे दिले. शिल्प झालं म्हणून दिव्याला दिवा असण्यातून सूट मिळत नाही. दुसरा आक्षेप एलईडीचा: तापत नाही, मग कुठेही दडवावी. तापते, फक्त पुढून कळत नाही. एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर मुळाच्या पोकळीत कोंडला की लवकर मरतो, आणि तो बदलायला लाकूड फोडावं लागणार असेल तर ती चूक घडवणाऱ्याचीच. शिवाय एलईडीचा टिपका बल्बपेक्षा जास्त खुपतो. गिऱ्हाईक फोटो पाहून घेतं हे खरं आहे. पण फोटो बहुतेकदा दिवसाउजेडी काढलेला असतो, आणि घेतल्यावर तो दिवा जेवणाच्या टेबलावर रोज रात्री डोळ्यांपुढे असतो.

आता मालाचं. तुझ्या अंगणातला पाऊस हा सगळ्यात कडक परीक्षक आहे. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पडला. अशा हवेत वैशाखात घट्ट बसवलेला टेबलाचा सांधा आषाढात फुगतो, आणि तेच टेबल पुण्याच्या एसी फ्लॅटमध्ये गेलं की आकसून उकलतं. फळी हलायला जागा ठेव, नाहीतर ती स्वतः करून घेते. बांबूचा कोंब एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, पण जून व्हायला तीन वर्षं लागतात. कोवळी काठी कापलीस की भुंगा लागतो आणि दिव्याखाली रोज पिठासारखा भुसा पडतो. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात काठ्या मुरवायची रीत कठीण नाही. कुडाळच्या ‘कॉनबॅक’ या संस्थेनं २००४ पासून बांबूचं फर्निचर आणि घरं याच शिस्तीवर उभी केली आहेत. कामटी काढायला मात्र बुरुडाच्या हाताखाली बस, ते हात पुस्तकातून येत नाहीत. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि मग वाळते. कुडाच्या भिंतींना जी वाळकी काठी गावं वापरत आली तीच तू घे, हिरवीला हात लावू नकोस. देवराईतलं तर पडलेलं लाकूडही नको. वस्तूवर ‘निसर्गस्नेही’ लिहून तिच्यासाठी जितं झाड पाडणारे आधीच पुष्कळ आहेत.

मुळशीनं उजेड बाहेर धाडायची ही काही पहिली वेळ नाही. धरणाचं पाणी १९२७ पासून भिऱ्याला वीज होऊन मुंबईला जातंय, त्यासाठी गावं बुडाली आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. तुझ्या दिव्यासाठी कुणाला उठवावं लागत नाही, हे बरंच म्हणायचं.

बांबू दिवाळी उलटल्यावरच काप. आणि यंदाच्या पावसात फुटलेल्या काठ्यांवर आत्ताच रंगानं सालाची खूण करून घे. तीन वर्षांनी बेटात उभा राहशील तेव्हा जून कोणती हे नुसत्या नजरेनं सांगणं तुला जड जाईल.

तुझा,
मामा